बोहल्यावर सावध न झालेला नायक : ‘कुंकू’ (१९३७)

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात जांब हे गाव आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव. मंगलाष्टकांतील ‘सावधान’ हा शब्द कानी पडताच बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला, ही आख्यायिका आपण सर्वांनी ऐकलेली आहे. आजचा थ्रेड मात्र अशा नायकाविषयी आहे, ज्याने तोच शब्द उतारवयात ऐकला आणि तरीही जो जागचा हलला नाही.

हा नायक म्हणजे काकासाहेब वकील. चित्रपट ‘कुंकू’, प्रभात फिल्म कंपनी, पुणे, दिग्दर्शक व्ही. शांताराम. कथा नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून घेतलेली. काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांनी केली, तर त्यांच्या तरुण पत्नीची, नीराची, शांता आपटे यांनी. नीराला सांभाळणाऱ्या नातलगांनीच तिला फसवून या वृद्ध बिजवराच्या गळ्यात बांधलेले असते.

जरठ-कुमारी विवाह हा विषय मराठी रसिकांना नवा नव्हता. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ मध्येच रंगभूमीवर आले होते. पण त्यातील भुजंगनाथ हसण्यासाठी आहे. तो मनाने बदलत नाही. काकासाहेब बदलतात, आणि म्हणूनच मला ते मराठी पडद्यावरील अत्यंत महत्त्वाचे सदोष नायक वाटतात.

त्यांचा भ्रम साधा आहे : पुरुषाला वय नसते, आणि कपाळी कुंकू लागले की स्त्री आपली होते. नीरा हे पहिल्या दिवसापासून नाकारते. ती पत्नी म्हणून त्यांच्याजवळ जात नाही. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला ती छडीने फोडून काढते. काकासाहेबांची विधवा, समाजकार्य करणारी मुलगी घरी येते, तीही वडिलांना खडसावते. (ही भूमिका शकुंतला परांजपे यांची. प्रत्यक्ष आयुष्यातही त्या संततिनियमनाच्या प्रचारक होत्या!) काकासाहेब मात्र एका प्रसंगात शहाणे होत नाहीत. ते रागावतात, हट्टाला पेटतात, पुन्हा खचतात. त्यांच्या मनाची ही पडझड शांताराम संवादांपेक्षा भिंतीवरच्या घड्याळातून आणि फुटलेल्या आरशातून दाखवतात. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. घरातले आवाजच ते काम करतात.

आता खरा पेच. भ्रम सरल्यावर हा माणूस करणार काय? शारदा कायदा १९२९ चा. तो वधूवरांचे किमान वय ठरवतो, दोघांमधील अंतराबद्दल काही बोलत नाही. शिवाय तो ब्रिटिश हिंदुस्थानापुरता. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये हिंदूंना घटस्फोट दिला होता, पण पुण्याच्या काकासाहेबांना तो मार्ग बंद होता. विधवेला पुनर्विवाहाची मुभा मात्र १८५६ पासून होती. म्हणजे नीराला कायद्याने मोकळे करण्याची एकच वाट उरत होती : तिचे विधवा होणे. वकील असलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. अखेर ते तिला मुलीच्या जागी मानतात, पुनर्विवाह करण्यास सांगणारे पत्र लिहून ठेवतात आणि जीवन संपवतात.

या शेवटाला अनेकजण भावविवश म्हणतात. मला तो भयंकर वाटतो. पश्चात्ताप त्यांचा, आणि पुसले जाणारे कुंकू नीराचे. अन्याय झाला तिच्यावर, तरी कथेतला बदल त्यांच्या वाट्याला आला, कारण बदलण्याची गरज तिला नव्हतीच.

हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये आला, चित्रपटानंतर अठरा वर्षांनी. ‘कुंकू’ पाहाल तेव्हा नीराइतकेच काकासाहेबांच्या चेहऱ्याकडेही लक्ष ठेवा, विशेषतः आरशाच्या प्रसंगात. आणि जांबच्या आख्यायिकेत अंतरपाटाच्या पलीकडे उभ्या असलेल्या मुलीचे पुढे काय झाले, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारले आहे का?