बाळंतिणीची विश्रांति आणि आठ आणे

पांढरपेशा घरांत बाळंतपण म्हटलें म्हणजे मुलीनें माहेरीं जावें, बाजेवर निजावें, आईनें शेकशेगडी करावी आणि सव्वा महिना होईपर्यंत तिला गार पाण्यांत हात घालूं देऊं नये, ही रीति पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. ती इतकी अंगवळणीं पडली आहे कीं, या विश्रांतीला कांहीं किंमत पडते व ती कोणीतरी देत असतो, हें आमच्या सहसा ध्यानांतच येत नाहीं. ती किंमत मुलीचा बाप देतो, नवरा देतो, घरांतील इतर स्त्रिया आपल्या कष्टांनीं देतात. परंतु जिची भाकरी रोजच्या हजेरीवर अवलंबून आहे, तिच्या विश्रांतीची किंमत कोणीं द्यावयाची? हा प्रश्न मुंबई इलाख्यांत कायद्याच्या भाषेंत विचारला गेला तो गिरणीकामकरणींच्या संबंधांत. त्याला १९२९ सालीं जें उत्तर मिळालें, त्याचा इतिहास येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पहिल्या महायुद्धानंतरच्या काळांत मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांपैकीं सुमारें एक पंचमांश स्त्रिया होत्या. त्यांतील बहुतेक सूत उकलण्याच्या व गुंडाळण्याच्या खात्यांत नायकिणीच्या देखरेखीखालीं काम करीत. रत्नागिरी-साताऱ्याकडून आलेलीं हीं कुटुंबें चाळींतील एकेका खोलींत राहत. १९२१ सालीं मुंबईंत नोंदल्या गेलेल्या दर हजार जन्मांमागें सुमारें ६६७ अर्भकें वर्षाच्या आंत दगावलीं. एका खोलींत राहणाऱ्या कुटुंबांत तर हा आंकडा ८२८ च्या घरांत गेला. या आंकड्यांचा अर्थ जपून लावला पाहिजे. अनेक स्त्रिया बाळंतपणाला गांवीं जात व मूल घेऊन परत येत. त्यामुळें जन्माची नोंद गांवीं आणि मृत्यूची मुंबईंत, असें होऊन प्रमाण फुगत असे. तथापि ही सूट दिली, तरी उरतो तो आंकडा कोणाही विचारी माणसाला अस्वस्थ करणारा आहे.

सरकारनें नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनीं याच सुमारास गिरणीकामकरणींच्या बाळंतपणाची पाहणी केली. तिचा वृत्तांत १९२२ सालीं प्रसिद्ध झाला. आई कामावर गेली म्हणजे मूल रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल त्यांना जवळजवळ घरोघर आढळली. या मातांना अडाणी म्हणून नाकें मुरडणें सोपें आहे. पण दहा तास घराबाहेर राहणाऱ्या आईनें तान्ह्या मुलाला कोणाच्या स्वाधीन करावें, याचें उत्तर नाकें मुरडणाऱ्यांपाशीं नव्हतें. गिरणींत पाळणाघर नाहीं, शेजारीण तीही कामावर, आणि खाडा झाला कीं पगार बुडाला, अशा स्थितींत बाळगोळी हीच तिची दाई होती.

१९१९ सालीं वॉशिंग्टन येथें भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें प्रसूतीपूर्वीं व प्रसूतीनंतर प्रत्येकीं सहा आठवड्यांच्या रजेचा ठराव केला, व हिंदुस्थान सरकारला या प्रश्नाचा अभ्यास करण्यास सांगितलें. सरकारचा अभिप्राय असा पडला कीं, येथील कामकरणी बाळंतपणाला आपल्या गांवीं जातात, तेव्हां कायदा करणें व्यवहार्य नाहीं. मालकांनीं आपखुशीनें काय करावयाचें तें करावें. कांहीं थोड्या गिरण्यांनीं तसें केलेंही. ना. म. जोशी यांनीं १९२४ सालीं मध्यवर्ती विधिमंडळांत प्रसूति-भत्त्याचें बिल आणलें. तें नामंजूर झालें.

दिल्लीनें नाकारलेली गोष्ट मुंबईनें हातीं घेतली. मुंबई कायदे कौन्सिलांत आसवले यांनीं आणलेल्या बिलावर १९२८ च्या जुलैंत चर्चा झाली, तेव्हां शहरांतील गिरण्या बंद होत्या. एप्रिलांत सुरू झालेला मोठा संप ऑक्टोबरपर्यंत चालावयाचा होता. त्या वर्षीं मजुराचा प्रश्न कोणालाही दृष्टीआड करतां येण्यासारखा नव्हता. या बिलाचें जनकत्व पुष्कळदां डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना देण्यांत येतें, तें बरोबर नाहीं. परंतु २८ जुलै रोजीं त्यांनीं बिलाला दिलेला पाठिंबा हा त्या चर्चेंतील सर्वांत विचारप्रवर्तक भाग होय, असें आम्हांस वाटतें.

त्यांच्या प्रतिपादनाचा आशय असा होता. प्रसूतीच्या आधीं व नंतर मातेला विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे. म्हणून या खर्चाचा बराचसा भार वस्तुतः सरकारनें उचलावयास हवा. मात्र सरकार तो उचलीत नाहीं, तोंवर मालकाला हात वर करतां येणार नाहीं. पुरुषांऐवजीं स्त्रिया कामावर ठेवण्यांत त्याला कांहीं अधिक लाभ दिसतो, म्हणूनच तो त्यांना ठेवतो; लाभ घेणारानें भार सोसावा, हा न्याय आहे. या युक्तिवादांत दोन वाक्यें आहेत. दुसरें वाक्य कायद्यांत उतरलें. पहिलें तसेंच राहिलें.

१९२९ चा मुंबईचा प्रसूति-भत्ता कायदा हा हिंदुस्थानांतील या प्रकारचा पहिला कायदा. कामकरणीला प्रसूतीपूर्वीं तीन व नंतर चार आठवडे दररोज आठ आणे मिळावे, अशी तरतूद झाली. म्हणजे हिशेब केला तर पूर्ण मुदतीचे चोवीस रुपये आठ आणे होतात. ही रक्कम सर्वसाधारण कामकरणीच्या कमाईहून कमीच होती, आणि ती देण्याची जबाबदारी एकट्या मालकावर होती. तरी तिचें मोल केवळ रुपयांत नव्हे. घरीं बसलेल्या मजूर बाईला तिच्या घरीं बसण्याबद्दल हक्कानें पैसे मिळावे, ही कल्पना आपल्या समाजांत अगदीं नवी होती. दुसऱ्याच वर्षीं, १९३० मध्यें, मध्यप्रांतानेंही असाच कायदा केला आणि नागपूर-वऱ्हाडच्या गिरण्यांतील स्त्रियांना तो लाभ झाला.

परंतु न उतरलेल्या पहिल्या वाक्यानें आपला सूड उगविला. स्त्री ठेवली तर भत्ता द्यावा लागतो, पुरुष ठेवला तर लागत नाहीं. यांतून कोणता हिशेब निघतो, हें व्यापाऱ्यास शिकवावें लागत नाहीं. मुंबईच्या गिरण्यांतील स्त्रियांचें प्रमाण पुढील दशकांत उतरत गेलें. याचा सारा दोष या कायद्यावर टाकणें अन्यायाचें होईल. रात्रपाळी आली आणि रात्रीं स्त्रियांना काम देण्यास बंदी होती. नवीं यंत्रें आलीं व सूत गुंडाळण्याच्या खात्यांतील हात कमी झाले. पण स्त्रीला मजूर म्हणून महाग करणारा भार मालकाच्या एकट्याच्या माथीं ठेवला, हेंही या घटीच्या कारणांपैकीं एक मानावें लागतें.

या दोषावर उपाय सांपडला तो विम्याच्या तत्त्वांत. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्यानें मालक व मजूर या दोघांच्याही वर्गणीचा निधि उभारला व प्रसूति-भत्ता त्यांतून देण्याचें ठरविलें. वर्गणी स्त्री-पुरुष सर्वांच्याच पगारावर पडते. तेव्हां स्त्री ठेवणें मालकास वेगळें महाग पडत नाहीं. पुढें १९६१ च्या कायद्यानें विम्याबाहेरील आस्थापनांना बारा आठवड्यांची रजा लागू केली आणि २०१७ मध्यें ती पहिल्या दोन अपत्यांसाठीं सव्वीस आठवडे झाली. पण तिचा पगार पुन्हां एकट्या मालकानेंच द्यावयाचा! रजा वाढली, हें स्तुत्यच. प्रश्न मात्र १९२८ सालींच विचारला गेला होता, तोच राहिला.

आणि हे सारे कायदे ज्यांचें नांव हजेरीपटावर आहे त्यांच्यासाठीं. आमच्याच महाराष्ट्रांत बीडकडून दरवर्षीं ऊसतोडीला जाणाऱ्या स्त्रिया आहेत. तेथें नवराबायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, उचल आधीं घेतलेली असते, आणि एक दिवसाचा खाडा झाला तर दंड पडतो. २०१९ सालीं राज्यानें नेमलेल्या समितीच्या पाहणींत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. पाळीच्या दिवसांचाही खाडा जेथें परवडत नाहीं, तेथें बाळंतपणाच्या विश्रांतीची गोष्ट कोण काढणार? २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गर्भवती मातेला कमींत कमी ६,००० रुपयांचा हक्क दिला, आणि भार सरकारनें उचलावा हें तत्त्व अखेर मान्य झालें. परंतु २०१७ सालीं त्यासाठीं जी योजना निघाली, तिनें पहिल्या अपत्याला ५,००० रुपये ठरविले.

सव्वा महिन्याची बाज आमच्या मुलीबाळींना मिळते, ती आम्ही तिची किंमत निमूटपणें भरतों म्हणून. ती किंमत भरण्यास जिच्यापाशीं बाप नाहीं, नवऱ्याची मिळकत नाहीं व मालकही नाहीं, तिच्या बाजेचा खर्च सर्वांनीं मिळून उचलावा, एवढेंच तें मागें राहिलेलें पहिलें वाक्य सांगत होतें. तें पुरतें अंमलांत येईपर्यंत आठ आण्यांचा हा इतिहास संपला, असें आम्हांस म्हणवत नाहीं.