गेटवरचं झाड

मागच्या मे महिन्यात काकांचा व्हॉट्सॲप मेसेज आला : ‘बॉटल पामचे रेट काढून ठेव. चाळीस लागतील.’ कामशेतजवळच्या आमच्या गावात वडील आणि काका जमिनीच्या एका तुकड्यावर फार्महाऊसचे प्लॉट पाडत होते. मी हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी करतो, त्यामुळे घरातली सगळी ऑनलाइन शोधाशोध माझ्याकडे. पाठोपाठ बांधावरच्या भेरली माडाचा फोटो आला. ‘हा काढावा लागेल. गेट इथे येणार.’

लहानपणी याच माडाची फळं कुस्करून मी हात खाजवत रडलो होतो. आजीने खोबरेल चोळलं होतं. त्या झाडाविषयी मला एवढंच माहीत होतं. म्हणून रेट काढता काढता दोन्ही झाडांचा इतिहास वाचत बसलो.

लोणावळ्यात जुन्या-नव्या बंगल्यांची फाटकं पाहिलीत तर तीन झाडं हमखास दिसतात. बॉटल पाम मूळचा क्युबाकडचा. त्याच्या ‘रॉयस्टोनिया’ या शास्त्रीय नावात रॉय स्टोन हा अमेरिकन लष्करी इंजिनिअर आहे. पंख्यासारखा पसरलेला ट्रॅव्हलर्स पाम मादागास्करचा. तो पाम नाहीच, केळीच्या नात्यातला आहे. कुंडीतला जपानी सायकसही पाम नाही. फुलझाडं पृथ्वीवर येण्याआधीच्या घराण्यातला आहे.

ही हौस वाढली रेल्वेमुळे. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली, पण बोरघाट अजून बांधून व्हायचा होता. मुंबईहून येणारे लोक खोपोलीला उतरून पालखीत किंवा तट्टावर बसून घाट चढत. १८६३ मध्ये घाटातला मार्ग खुला झाला आणि मुंबईच्या श्रीमंतांना थंड हवा काही तासांवर आली. बंगले आले, बंगल्यांमागून बागा आल्या.

त्या काळी इंग्लंडमध्ये पाम म्हणजे ऐश्वर्य. लंडनजवळच्या क्यू बागेत १८४४ ते १८४८ या काळात पामसाठी लोखंड आणि काचेचं प्रचंड घर बांधलं गेलं. आत ऊब राहावी म्हणून कोळसा जाळावा लागे. लोणावळ्याची थंडी साहेबाला आवडणारी, पण इथे पाम मारून टाकणारं हिमतुषार पडत नाही. तिकडे ज्याला काचघर लागे, ते इथे उघड्यावर वाढतं.

अडचण थंडीची नाही, पाण्याची आहे. चार महिने धो धो पाऊस, पण कातळावर मातीचा थर पातळ. एप्रिल-मेमध्ये बॉटल पामच्या रांगेला टँकर लागतो.

भेरली माड मात्र याच घाटांतला. पानं माशाच्या शेपटीसारखी. लिनीयसने १७५३ मध्ये त्याच्या नावात ‘युरेन्स’ म्हणजे जळजळणारा हा शब्द घातला, तो त्या खाजऱ्या फळांमुळेच. उदमांजर तीच फळं खातं आणि बिया रानभर पसरवतं. हा माड आयुष्यात एकदाच फुलतो. पहिला तुरा शेंड्याशी येतो, मग काही वर्षं एकेक तुरा खाली सरकत जातो. सगळ्यात खालचा संपला की झाड मरतं. मरणारं झाड गेटवर कोण लावणार?

मी काकांना फोन केला. ते म्हणाले, ‘गिऱ्हाईक मुंबईचं आहे. त्याला बॉटल पाम दिसला की बंगला दिसतो. भेरला दिसला की रान दिसतं.’ दीडशे वर्षांचा इतिहास त्यांनी दोन वाक्यांत सांगितला. माझ्याकडे उत्तर नव्हतं. पगारातून गावाला पैसे पाठवणारा मी, प्लॉट विकू नका असं कुठल्या तोंडाने सांगणार?

शेवटी वडील मध्ये पडले. गेट पंधरा फूट सरकलं. बॉटल पाम चाळीसच आले, आणि टँकरही.

या दिवाळीत गेलो तेव्हा माडाच्या शेंड्यावर पहिला तुरा लोंबत होता. म्हणजे त्याचा शेवट सुरू झालाय. काकांना म्हटलं, फळं पिकली की मला कळवा, बिया गोळा करायच्यात.

‘हातमोजे घेऊन ये,’ काका म्हणाले.