समुद्री शेवाळ खाण्याचे फायदे किती खरे? थायरॉईडची गोळी सुरू असेल तर आधी हे वाचा

आसगाव (ता. पवनी) : रोवणी आटोपली की आपल्या चौरास भागात कृषी केंद्रावर समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली मागणारे बरेच जण दिसतात. यंदा तिथेच एका काकांनी विचारलं, "धानाला एवढं मानवते तं माणसाला काहून नाही मानवणार?" सगळे हसले. पण प्रश्न वावगा नाही. तेच शेवाळ आता पावडर आणि कॅप्सूल होऊन मोबाईलवर विकायला येते. वजन उतरते, शुगर जाते, थायरॉईड बरा होतो, असं काहीही त्यावर लिहिलेलं असते. आमच्या घरी त्याचा अनुभव घेऊन झाला, म्हणून ही माहिती.

आधी एक गोष्ट. फवारणीचा अर्क पिकासाठीच आहे. तो खाण्याच्या नियमाने बनत नाही, त्यात इतर घटकही मिसळलेले असू शकतात. चुकूनही तोंडाला लावू नका.

समुद्री शेवाळ म्हणजे समुद्रात खडकाला धरून वाढणारी वनस्पती. तपकिरी, लाल आणि हिरवी अशा तिच्या तीन जाती. जपान, कोरिया, चीनमध्ये ती रोजच्या जेवणात असते. आपल्या कोकणच्या ताटात मात्र ती रुळलेली नाही. तामिळनाडूत रामनाथपुरमच्या बाया समुद्रात उतरून ती काढतात. 2020 च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळ शेतीसाठी 640 कोटी रुपये धरले होते, त्यामुळे पुढे हा माल बाजारात वाढेल असंच दिसते.

आपण शेवाळ कधी खाल्लंच नाही, असंही नाही. किराणा दुकानात मिळणारं चायना ग्रास लाल शेवाळापासून बनते. आइस्क्रीम घट्ट राहायला शेवाळातलाच एक पदार्थ घालतात. छातीतल्या जळजळीवरच्या काही पातळ औषधांत सोडियम अल्जिनेट असते, तेही तपकिरी शेवाळातून येते.

आता फायद्याचं बोलू. शेवाळात तंतू भरपूर, म्हणजे पोट साफ राहायला मदत. कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखी खनिजं आहेत. पण त्याची खरी ओळख आयोडीनमुळे. 1811 मध्ये फ्रान्समधल्या कूर्त्वा नावाच्या माणसाला आयोडीन पहिल्यांदा सापडलं तेच शेवाळाच्या राखेत. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी आयोडीनवर चालते. ते कमी पडलं तर गलगंड होतो, आणि गरोदर बाईला कमी पडलं तर पोटातल्या लेकराच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. हे नुकसान नंतर भरून निघत नाही. शुगर, वजन आणि कॅन्सरचे जे दावे फिरतात, त्यांना मात्र पक्का आधार नाही. काही लहान अभ्यास झालेत, त्यावरून औषध सोडून पावडर घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदर बाईला 250. केल्प नावाच्या तपकिरी शेवाळाच्या एका ग्रॅम पावडरीत कधीकधी हजाराच्या वर मायक्रोग्रॅम भरते. अमेरिकेत मोठ्या माणसासाठी दिवसाची वरची मर्यादाच 1100 धरलेली आहे. म्हणजे चिमूटभरातच हिशोब संपला.

माझ्या पत्नीला काही वर्षांपासून थायरॉईडची गोळी आहे. व्हिडिओ पाहून तिने केल्पच्या कॅप्सूल मागवल्या. गोळी सोडली नव्हती, तरी दोन महिन्यांत थकवा वाढला, अंगावर सूज आली आणि रक्ततपासणीत टीएसएच वाढलेला निघाला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "बाहेरचं काही घेता का?" कॅप्सूल बंद केल्या, पुढच्या तपासण्यांत आकडा हळूहळू खाली आला. आयोडीन कमी झालं तरी त्रास आणि जास्त झालं तरी त्रास, हे तेव्हा आम्हाला कळलं. ऑस्ट्रेलियात 2009 मध्ये एका सोयादुधात शेवाळाचा अर्क घातलेला होता. त्यातल्या जास्तीच्या आयोडीनमुळे लोकांचे थायरॉईड बिघडले आणि ते दूध बाजारातून परत घ्यावं लागलं.

दुसरा धोका म्हणजे शेवाळ ज्या पाण्यात वाढते त्यातलं बरंवाईट दोन्ही शोषते. हिजिकी नावाच्या जातीत आर्सेनिक जास्त सापडल्याने ब्रिटनच्या अन्न विभागाने 2004 मध्ये ती खाऊ नका असं सांगितलं होतं. हृदयाची झडप बदललेले लोक रक्त पातळ राहायची वॉरफरिन गोळी घेतात. शेवाळातलं के जीवनसत्त्व त्या गोळीचा असर कमी करू शकते. किडनीच्या पेशंटनेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

मग समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या आपण आयोडीन आणायचं कुठून? घरातल्या मिठाच्या पुडीतून. देशात गलगंड नियंत्रण कार्यक्रम 1962 मध्ये सुरू झाला आणि 2006 पासून खाण्यासाठी बिनआयोडीनचं मीठ विकायला बंदी आहे. ग्राहकापर्यंत पोचलेल्या मिठात किमान 15 पीपीएम आयोडीन हवं, म्हणजे एका ग्रॅमला 15 मायक्रोग्रॅम. म्हणून जास्त मीठ खायचं असं नाही, बीपी वाढेल. पण जे खातो ते आयोडीनवालं असावं. गुरांसाठी आणलेलं खडा मीठ स्वयंपाकात वापरू नका. सैंधवात आयोडीन नावालाच असते. फॅशन म्हणून पूर्ण घर सैंधवावर नेणाऱ्यांनी, विशेषतः घरात गरोदर सून असेल तर, विचार करावा. मीठ चुलीजवळ उघडं ठेवलं, ओलं झालं, तर आयोडीन उडते. झाकणाच्या डब्यात ठेवा. काही गावांत आशाताईंकडे मीठ तपासायची किट असते. थेंब टाकल्यावर मीठ जांभळं-निळं झालं तर आयोडीन आहे.

आपल्या बोडीतलं शेवाळ खाण्याची कल्पना कोणी काढली तर सरळ नाही म्हणा. गोड्या पाण्यातल्या काही निळ्या-हिरव्या शेवाळात विष असते. तलावातलंच खायचं तर शिंगाडे आहेत, स्वच्छ धुऊन, उकडून.

चायना ग्रासची खीर-जेली बिनधास्त करा. आणि कॅप्सूल घ्यायचीच असेल तर डब्यावर एका गोळीत आयोडीन किती मायक्रोग्रॅम हे लिहिलंय का आणि एफएसएसएआयचा क्रमांक आहे का ते बघा. आमच्या घरी आलेल्या डब्यावर आयोडीनचा आकडाच नव्हता.