काळा पाषाण आणि काचेची पाटी

अजिंठ्याच्या डोंगरातून वाहणारी वाघूर पुढे तापीला मिळते आणि तापी आपल्या सुरतेजवळ समुद्रास मिळते. बमरोलीत स्थिरावलेल्या आपल्यापैकी ज्या कुटुंबांची मुळे खानदेशात आहेत, त्यांचे या काळ्या पाषाणाशी असलेले नाते असे नदीनेच जोडून ठेवले आहे.

हा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा लाव्हा होय. भूपृष्ठाच्या भेगांतून तो पुनःपुन्हा वाहिला, थंडावला आणि थरावर थर साचले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्याने व्यापलेला आहे. अजिंठ्याची लेणी याच थरांत कोरलेली आहेत.

१८४४ साली मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल याची तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. गिल आणि पारू यांची कथा ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ काव्यामुळे मराठी वाचकास परिचित आहे. त्याच्या कॅमेऱ्याची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

त्या काळचे छायाचित्रण कष्टाचे होते. काचेच्या पाटीवर रसायनाचा लेप द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि लगोलग अंधाऱ्या जागेत पाटी धुवावयाची. उन्हाळ्यात लेप झपाट्याने वाळत असे. अशा स्थितीत गिलने दऱ्या, कडे आणि लेणी टिपली. १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या लेण्यांवरील ग्रंथात त्याची चौऱ्याहत्तर छायाचित्रे प्रसिद्ध झाली.

दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली. तेथे ठेवलेली गिलची बहुतेक तैलचित्रे जळून गेली. वर्षानुवर्षांचे श्रम एका रात्रीत राख झाले. छायाचित्रांत अजिंठ्याचे रंग नव्हते, तरी ती राहिली. त्यांचे सामर्थ्य कलागुणापेक्षा संख्येत होते. एका काचेवरून अनेक प्रती निघाल्या व त्या अनेक ठिकाणी पोहोचल्या होत्या. तैलचित्र एकमेव होते, म्हणूनच ते कायमचे गेले.

१८७९ साली गिल निवर्तला. त्याची कबर भुसावळला आहे. सुरत-भुसावळ लोहमार्गाने गावी जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

या इतिहासातून आम्हांस एक व्यवहारी बोध घ्यावासा वाटतो. आपल्या घरोघरी गावच्या वाड्याचे, दगडी जोत्याचे, नदीकाठच्या खडकाचे एखादे जुने छायाचित्र असते. त्यामागे ना स्थळ लिहिलेले असते, ना साल. ते सांगू शकणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर विचारून लिहून घ्यावे आणि प्रती काढून भावाबहिणींच्या घरी ठेवाव्यात. पाषाण कोट्यवधी वर्षे टिकतो. त्याच्याशी असलेली आपली ओळख मात्र एका पिढीतही पुसली जाऊ शकते.