‘लेस’ आणि ‘फ्यूअर’: एका नियमाची जन्मकथा

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ‘लेस दॅन’ आणि ‘फ्यूअर दॅन’ यांतील भेद अवघड वाटावा, यात नवल नाही. आपल्या भाषेत पाणीही कमी आणि माणसेही कमीच. इंग्रजीत मात्र जे मापावयाचे त्यास ‘लेस’ आणि जे मोजावयाचे त्यास ‘फ्यूअर’ लावावे, असे व्याकरणाची पुस्तके बजावतात. हा भेद त्या भाषेच्या जन्मापासूनचाच असावा, अशी सामान्य समजूत आहे. परंतु इतिहासाची साक्ष निराळी आहे.

नवव्या शतकातील आल्फ्रेड राजाच्या नावावर असलेल्या बोएथियसच्या भाषांतरात ‘लेस’चे प्राचीन रूप ‘शब्द’ या अर्थाच्या अनेकवचनी नामासह आढळते. त्या काळी अशा नामास षष्ठीचा प्रत्यय लागे. म्हणजे ‘शब्दांपैकी कमी’ असा तो प्रयोग होता. पुढे प्रत्यय झिजले आणि ‘लेस’ हे त्या नामाचे विशेषण होऊन बसले.

आज ज्ञात असलेला नियमाचा पहिला उच्चार १७७० सालचा आहे. त्या वर्षी रॉबर्ट बेकर याने इंग्रजी भाषेवरील आपले विचार ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. आपणांस ग्रीक येत नाही व लॅटिनही बेताचेच येते, हे त्याने मोकळेपणाने सांगून टाकले होते. संख्येच्या ठिकाणी ‘फ्यूअर’ अधिक शोभते, असे त्याने सुचविले, तेही केवळ आपले मत म्हणून. पुढील व्याकरणकारांनी त्या मताचा कायदा केला.

तथापि या कायद्यासही अपवाद आहेतच. पाच मैल, दहा रुपये, तीन वर्षे ही सारी मोजता येतात; तरीही तेथे ‘लेस दॅन’च रूढ आहे, कारण मनात एकच अंतर, एकच रक्कम वा एकच काळ असतो. २००८ साली टेस्को या ब्रिटिश दुकानदार कंपनीने तर ‘दहा वा त्याहून कमी वस्तू’ या अर्थाच्या आपल्या पाट्यांतून ‘लेस’ काढून ‘दहापर्यंत’ असा तिसराच मार्ग पत्करला!

म्हणून हा नियम मोडावा, असे आमचे म्हणणे नाही. औपचारिक लेखनात तो पाळणेच इष्ट होय. परंतु तो सभ्य लेखनाचा संकेत आहे, भाषेचा स्वभाव नव्हे, हे शिक्षकाने सांगितले पाहिजे. अन्यथा एका चुकलेल्या ‘लेस’वरून विद्यार्थ्याच्या बुद्धीचे माप घेण्याचा अन्याय आमच्या हातून घडत राहील.