मुकेपण नशिबाचं नसतं



31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढलं. त्या नावातला मुकेपणा जातीने लादलेला होता. पण आपल्याच वस्तीत अर्धांगवायूनंतर ज्याला शब्द सापडत नाहीत, जो बोलताना अडखळतो, त्याला आपण काय देतो? 'तोतरा', 'मुका' अशी टोपणनावं. नशीब मानत नाही म्हणणारे आपणही इथं "त्याचं नशीब" म्हणून मोकळे होतो.

इतिहास वेगळं सांगतो. पहिल्या महायुद्धात वाचा बिघडलेल्या सैनिकांना ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात लायनेल लोग हा वक्तृत्वशिक्षक श्वासाच्या व्यायामाने बोलतं करत होता. डॉक्टरकीची पदवी त्याच्याकडे नव्हती. 1924 मध्ये तो लंडनला गेला आणि 1926 पासून एक अडखळणारा राजपुत्र त्याच्याकडे येऊ लागला. तोच पुढचा सहावा जॉर्ज, तेव्हा आपलाही बादशहा. सिनेमा निघाला तो राजावर. सैनिक मागेच राहिले, नेहमीप्रमाणे.

या शास्त्राचं काम बोलण्यापाशी थांबलं नाही. जीभ, ओठ, घसा हे बोलायला लागतात तसे गिळायलाही लागतात. अमेरिकेच्या जेरी लोगमन यांनी हलत्या एक्स-रे चित्रांत घास नेमका कुठे चुकतो हे पाहण्याची पद्धत रुजवली. 1983 मध्ये त्यांचं गिळण्याच्या विकारांवरचं पुस्तक आलं. घास श्वासनलिकेत गेला की न्यूमोनिया होऊ शकतो. कधीकधी ठसकाही लागत नाही, म्हणून घरच्यांना कळतही नाही. आडव्या झोपलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडात मायेने चमच्याने पाणी ओतणारी सून त्याला धोक्यात घालत असते, आणि हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. तज्ज्ञ आधी तपासतो. मग कुणाला पाणी दाट करून, कुणाला हनुवटी खाली घेऊन गिळायला शिकवतो. ज्याला शब्द आठवत नाहीत त्याच्यासाठी चित्रांची पाटी, खुणा, रोजचा सराव. बरं होणं प्रत्येकाचं वेगळं, पण बहुतेकांचं काहीतरी सुधारतं.

आपल्याकडे 1983 मध्येच वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तरी 1995 च्या अपंग कायद्यात वाचा-भाषेच्या अपंगत्वाचा स्वतंत्र प्रकार नव्हता. तो आला 2016 च्या कायद्यात. स्वरयंत्र काढलेले, मेंदूच्या आघाताने भाषा गमावलेले लोक त्यात आले. गिळण्याचा मात्र त्या व्याख्येत शब्द नाही.

कागदावरचा हक्क वांद्र्यापासून आपल्या तालुक्यापर्यंत आपोआप येणार नाही. आपल्या जिल्हा रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञाचं पद मंजूर आहे का, ते भरलेलं आहे का, आठवड्यातून किती दिवस तो माणूस बसतो? माहिती अधिकाराचा एक अर्ज, तीन प्रश्न. या महिन्यात टाकू या.