सांगावा, लँडलाइन आणि मनगटावरचे घड्याळ

आपल्याकडे दूरध्वनीचा इतिहास लिहिणारे १८८२ पासून सुरुवात करतात. त्या वर्षी मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले. तारीख बरोबर आहे. पण महाराष्ट्रात निरोप कोण वाहत होते, हे विचारले तर इतिहास महारवाड्यापासून सुरू करावा लागतो. मयताची खबर परगावी नेणे, सरकारी कागद पुढच्या गावी पोचवणे, पाटलाचा सांगावा सांगणे ही वतनी महाराची कामे होती. तार आली नव्हती तेव्हा माणूसच तार होता. आणि या तारेला झोप नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याखाली कामाचे तास ठरलेले नव्हते. कोणत्याही प्रहरी हाक आली की उठायचे. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन दुरुस्ती विधेयक मांडले, त्यात वतनदाराची कामे नेमकी ठरवून द्यावीत ही एक मुख्य मागणी होती. इनामाच्या तुकड्याबरोबरच माणसाच्या वेळेवर मालकी कोणाची, हा त्यातला प्रश्न होता. कनिष्ठ वतने गेली ती १९५८ च्या कायद्याने.

निरोप्याच्या घरी फोन मात्र आला नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा साऱ्या देशात टेलिफोन होते सुमारे ८० हजार. पुढेही वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी असे, आणि वशिला नसणाऱ्याला ती यादी म्हणजे दुसरी वेसच होती. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या पोरांच्या नोकरीच्या अर्जावर फोन नंबरापुढे 'पी. पी.' लिहिलेले असे. म्हणजे फोन दुसऱ्याचा. आम्हाला बोलावणे आले की माझे वडील त्या घराच्या ओट्याखाली उभे राहात. रिसीव्हरची वायर जेवढी लांब, तेवढेच त्यांना घराजवळ जाता येई. घरची भांडणे, आजारपण, उसनवारी हे सगळे त्या घरातल्यांच्या कानांवरून जाई. खाजगीपणा हा शब्द आम्हाला पुस्तकात भेटला, तो फार उशिरा.

एस.टी.डी. बूथने ही लाचारी थोडी कमी केली. पैसे मोजा आणि बोला. मग १९९५ मध्ये मोबाइल आला. सुरुवातीला तो येणाऱ्या कॉललाही पैसे घेई. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि फोन खऱ्या अर्थाने वस्तीत शिरला. २००६ च्या सुमारास देशात सुमारे ५ कोटी लँडलाइन होत्या. २०२० पर्यंत त्या सुमारे २ कोटींवर आल्या. अलीकडे फायबरमुळे आकडा पुन्हा चढला आहे, तो भाग वेगळा. मध्यमवर्गीय लेखक त्या काळ्या फोनच्या आठवणी काढून हळवे होतात. त्यांनी व्हावे. ज्याला त्या फोनसाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागले, त्याने का रडावे?

पण हिशेब इथे संपत नाही. लँडलाइनवरही सरकारचा कान होता. १८८५ च्या तार कायद्याने तो दिला. टॅपिंगला काही बंधने हवीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले. तरी तो फोन टेबलावर राहात असे. आपण घराबाहेर पडलो की त्याला आपला पत्ता नसे. मोबाइल खिशात गप्प असतानाही टॉवरला आपली जागा कळवत राहतो. त्यातली ॲप्स कंपनीच्या संगणकाकडे माहिती धाडत असतात. आपण कोणाला फोन लावलेला नसतो, यंत्र परस्पर निरोप देत असते. एके काळी आम्ही मालकाचा निरोप वाहत होतो. आता यंत्र आमचाच निरोप मालकाकडे वाहते.

हे सगळ्यांना सारखेच लागू आहे, असे कोणी म्हणेल. मी मानत नाही. नागपूर म्हणजे दीक्षाभूमीचे शहर. तेथील महापालिकेने २०१८ मध्ये सफाई कामगारांच्या मनगटावर जी.पी.एस. घड्याळे बांधली. कामगार कुठे आहे, ठरलेल्या हद्दीत आहे की बाहेर, हे नियंत्रण कक्षात दिसते. चंदीगड आणि पंचकुला येथेही तेच झाले आणि कामगार रस्त्यावर उतरले. आपण शौचालयात गेलो तरी कोणी पाहते की काय, अशी भीती तिथल्या बायांनी बोलून दाखवली. हद्द ओलांडली किंवा बॅटरी उतरली की पगार कापला जातो, ही तक्रार जागोजागी आहे. ज्यांच्या मनगटावर हे घड्याळ आले, त्यातले बहुतेक कोणत्या जातींचे, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला नको. गटारात माणूस उतरू नये म्हणून यंत्र आणायला पैसे नसतात, त्याच्या मनगटावर नजर ठेवायला असतात! आणि अधिकाऱ्याच्या मनगटावर ते घड्याळ का नाही?

१९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी माणसाचे शरीर, घर आणि कागदपत्रे यांना मनमानी झडतीपासून संरक्षण मागितले होते. घटनेत ते स्वतंत्र कलम म्हणून आले नाही. खाजगीपणा मूलभूत अधिकार आहे, असे नऊ न्यायाधीशांनी एकमताने म्हणेपर्यंत २०१७ उजाडले. त्यानंतर २०२३ मध्ये माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याच्या ७ व्या कलमाप्रमाणे नोकरीच्या कारणासाठी माहिती घ्यायची असेल तर मालकाला नोकराची संमती लागत नाही.

म्हणून कामगार संघटनांनी पगारवाढीच्या मागणीपत्रातच हे लिहून मागावे: पाळी संपल्यावर घड्याळ बंद होईल का, त्यातली नोंद कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, आणि त्या नोंदीवरून पगार कापायचा तर आधी ती कामगाराला दाखवणार की नाही. १९२८ च्या विधेयकातही मागणी लिहून घेण्याचीच होती.